शून्यावर येणारा जप: शोक, साधना आणि समुपदेशन यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बाई एकसष्ट वर्षांच्या. तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं नाव, गाव, धर्म, पंथ यांतलं काहीच इथे देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत सगळे त्यांना 'बाई' म्हणत, म्हणून मीही तेच लिहिते. त्यांची साधना म्हणजे मोजून करायची प्रार्थना. ती बहुतेक परंपरांत या ना त्या रूपात असतेच, तेव्हा वाचणाऱ्याने आपल्या ओळखीची समजून घ्यावी. सोयीसाठी मी तिला जप म्हणते.

सात महिन्यांपूर्वी त्यांचे पती पहाटे फिरायला गेले आणि रस्त्यातच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. मुलगा आईला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आला तेव्हा तिची झोप तीन तासांवर आली होती, वजन सहा किलोंनी उतरलं होतं आणि घराबाहेर पडणं बंद झालं होतं. घरच्या डॉक्टरांचं थायरॉइड, रक्त वगैरे सगळं तपासून झालं होतं. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीवर २७ पैकी १६ गुण आले. १५ ते १९ म्हणजे मध्यम ते तीव्र यांच्या मधला टप्पा.

प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. बाईंनी तिथे 'काही दिवस' यावर खूण केली होती. मी सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? "नाही. ते पाप आहे. बोलावणं आलं तर मात्र बरं होईल." कसलीही तयारी किंवा योजना नव्हती. मी नोंद केली: श्रद्धा हा संरक्षक घटक. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ते बरोबरच होतं.

निघताना मुलगा म्हणाला, "एक बरं आहे, आईची साधना सुटली नाही. उलट वाढलीय. पहाटे तीनला बसते ती आठला उठते. त्यावरच तरलीय ती." बाईंनी त्यावर होही म्हटलं नाही आणि नाहीही. मी फॉर्मवर लिहिलं: "अध्यात्म: नियमित साधना. आधार." चार शब्द लिहिले आणि पान उलटलं.

अडचण

पहिल्या तीन भेटी नेहमीच्या पद्धतीने गेल्या. दिवसाला थोडा आकार देणं, रोज घराबाहेर एक फेरी, पतीबद्दल बोलणं. बाई सांगितलेलं सगळं करत. चांगल्या विद्यार्थ्याने गृहपाठ करावा तसं, आणि तितक्याच अलिप्तपणे.

तिसऱ्या भेटीत मला एक कल्पना सुचली आणि मी तिच्यावर खूश होते. बाईंना बसायची सवय आहेच, मग रात्री झोपण्याआधी वीस मिनिटं श्वासावरचं ध्यान का देऊ नये? मी एक छापील पान हातात दिलं.

दोन आठवड्यांनी गुण १९ झाले होते. रात्रीची झोपही गेली होती. "डोळे मिटून नुसतं बसलं की फोन वाजलेला ऐकू येतो," त्या म्हणाल्या. कुठला फोन, हे मी त्या वेळी विचारलं नाही. ध्यान थांबवायला सांगितलं, एवढंच.

ध्यानामुळे काहींना त्रास होतो, दडपलेल्या आठवणी उसळतात, भीती वाढते, हे आता संशोधनातही नोंदलं गेलं आहे. जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या सजगतेच्या कार्यक्रमात आठ आठवडे शिक्षक सोबत असतो. मी त्यातला एक तुकडा तोडून, सात महिन्यांपूर्वी नवरा अचानक गमावलेल्या बाईच्या हातात देऊन तिला घरी पाठवलं होतं.

खरी गोष्ट उघडी झाली ती पाचव्या भेटीत, आणि तीही माझ्या हुशारीने नाही. बाईंच्या उजव्या हातात अंगठीसारखं घालायचं काउंटरचं यंत्र असायचं. जप मोजायला हल्ली बरेच जण वापरतात. बोलता बोलता त्यांचा अंगठा त्यावर दाबला जायचा. टक्. त्या दिवशी मुलाच्या नोकरीविषयी बोलताना तो आवाज येत होता आणि मध्येच थांबला. बाईंनी दुसऱ्या हाताच्या नखाने कडेचं बारीक बटण दाबलं. पडद्यावर २१७ होते, तिथे ० आलं.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"शून्य केलं. मन भरकटलं ना."

"किती व्हायला लागतात?"

"हजार. सलग झाले तर चाळीस मिनिटांचं काम."

पाच तास कुठे जातात याचा हिशेब मला तेव्हा लागला. पहाटे तीनपासून त्या प्रार्थना करत नव्हत्या. चाळीस मिनिटांची प्रार्थना पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या.

मग त्या बोलल्या. पती गेले त्या सकाळीही त्या जपाला बसल्या होत्या. फोन आतल्या खोलीत, आवाज बंद. उठल्यावर पाहिलं तर चार मिस्ड कॉल. पहिला "ह्यांचा", पुढचे तीन ह्यांच्याच फोनवरून कुणा वाटसरूने केलेले. "आणि अगं, मी त्या वेळी देवाशी बोलत असते तरी एक वेळ चाललं असतं. माझं लक्षच नव्हतं. विजेचं बिल भरायचं राहिलंय, हे डोक्यात चाललेलं. मी नुसती मोजत होते." पाच भेटींत पहिल्यांदाच मला त्यांनी 'अगं' म्हटलं.

घरच्यांना जो आधार दिसत होता आणि मी जो फॉर्मवर लिहिला होता, ती बाईंनी स्वतःला रोज द्यायची शिक्षा होती.

कोणते पर्याय होते

त्या संध्याकाळी मी माझ्या पर्यवेक्षकांकडे गेले. आम्ही चार वाटा मांडल्या.

जपाला हात लावायचा नाही, फक्त शोक आणि नैराश्यावर काम करायचं, ही पहिली वाट. सभ्य आणि सुरक्षित. पण शोक जिथे राहायला गेला होता त्याच खोलीला कुलूप लावण्यासारखं झालं असतं.

दुसरी वाट म्हणजे याला सरळ ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यांपायी तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याचा आजार, धरून उपचार करणं. मराठीत या आजाराला मंत्रचळ म्हणतात. तो शब्द इतका चपखल बसतोय हे पाहूनच मी जरा सावध झाले. धार्मिक आशयाची ओसीडी असते, त्यात चूक झाल्याच्या भीतीने प्रार्थना पुन्हा पुन्हा केली जाते, आणि एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन (भीतीला सामोरं जायचं, पण ती शमवणारी कृती करायची नाही) हा तिच्यावरचा प्रस्थापित उपचार आहे. पण बाईंना पूर्वी असा त्रास कधीच नव्हता. इतर कुठली कर्मकांडं नव्हती. सगळं त्या एका सकाळीनंतर सुरू झालेलं. शिवाय 'जप अपुरा सोडा' असं माझ्यासारखीने सांगणं त्यांनी कोणत्या कानाने ऐकलं असतं?

तिसरी वाट, त्यांच्या परंपरेतल्या मार्गदर्शक व्यक्तीकडे पाठवून आपण बाजूला होणं. चौथी, त्यांच्याच श्रद्धेच्या भाषेत, आतून काम करणं.

इथे माझी अडचण सांगायला हवी. मी स्वतः श्रद्धाळू नाही. माझ्या मनात श्रद्धेबद्दल तुच्छता असेल अशी मला भीती वाटायची, म्हणून मी नेहमी दुसऱ्या टोकाला जायचे. चपला काढून उंबऱ्याशीच उभं राहायचं, आत डोकवायचंच नाही. त्यालाच मी आदर म्हणत आले होते. पर्यवेक्षक म्हणाले, "तू त्यांच्या देवाची वकिली करू नकोस आणि त्याच्यावर फिर्यादही लावू नकोस. आत काय चाललंय तेवढं विचार." रेबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांचा १९९२चा अभ्यास त्यांनीच दाखवला. श्रद्धाळू नैराश्यग्रस्तांना त्यांच्या धर्मातला आशय घेऊन दिलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती, स्वतः श्रद्धाळू नसलेल्या उपचारकांच्या हातूनही चांगली लागू पडली होती. मला त्याने धीर आला.

केनेथ पार्गामेंट यांची मांडणीही इथे उपयोगी पडली. श्रद्धेचा आधार घेण्याची एक रीत माणसाला सावरते. दुसरी रीत म्हणजे देव शिक्षा देतोय, देवाने टाकलंय, असं धरून झुरणं, आणि ती माणसाला पोखरते. २००१ मध्ये त्यांच्या गटाने ५५ वर्षांवरच्या जवळपास ६०० आजारी लोकांचा दोन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांच्यात असा आध्यात्मिक झगडा चालू होता त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक दिसला. म्हणजे 'साधना करतात का' हा प्रश्न अर्धाच आहे.

आम्ही चौथी वाट धरायचं ठरवलं. सोबत मनोविकारतज्ज्ञांचं मत, आणि गरज पडली तर तिसरीची जोड.

काय केलं

सहाव्या भेटीत आधी परवानगी घेतली. "तुमच्या जपाविषयी विचारू का? नको वाटलं तर थांबवा." अध्यात्माविषयी विचारायच्या तयार चौकटी आहेत. क्रिस्टिना पुचाल्स्की यांची 'फायका' ही त्यातली बरीच वापरली जाणारी. तिच्यात श्रद्धा, तिचं महत्त्व, समुदाय आणि उपचारात तिची दखल कशी घ्यावी, हे विचारतात. मी तिथून सुरुवात केली, पण कामाला आले ते साधे प्रश्न. जप चालू असताना आत काय होतं? संपल्यावर कसं वाटतं? चुकलं तर कोण काय म्हणतं?

"कोणी काही म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "तोच तर त्रास आहे. पूर्वी मी बोलायचे आणि ऐकणारं कोणी आहे असं वाटायचं. आता पलीकडून फोन उचलतच नाहीत."

हे वाक्य त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

मग त्यांनी विचारलं, "देव शिक्षा करतो का गं?" माझ्या तोंडावर 'छे, असं कसं' हे उत्तर तयार होतं. ते दिलं असतं तर मी दिलासा द्यायच्या नावाखाली धर्मशास्त्र सांगितलं असतं, आणि तेही स्वतः न मानलेलं. मी म्हटलं, "ते मला सांगता येणार नाही. पण तुम्ही ज्याच्याशी तीस वर्षं बोललात, तो कसा होता?" पुढची चाळीस मिनिटं त्या त्याविषयी बोलल्या. तो त्यांच्या शाळेतल्या कटकटी ऐकायचा. कधी कधी त्या मध्येच झोपून जायच्या. तेव्हा त्यांनी कधी शून्यापासून सुरुवात केली नव्हती, कारण काउंटर नव्हताच. तो पतीच्या निधनानंतर आणलेला.

"मुलं गणितात मध्ये चुकली तर काय करायचात?" मी विचारलं. "चुकलं तिथून पुढे सोडवायला लावायचे. आधीच्या स्टेप्सचे मार्क कशाला कापायचे?" त्या पटकन म्हणाल्या आणि हसल्या. मला वाटलं, गाठ सुटली. पुढच्या आठवड्यात पाहते तर पहाटेचे तास तेवढेच. कळणं आणि परवानगी मिळणं यांत फरक असतो, आणि ती परवानगी देण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

तो अधिकार त्यांच्या परंपरेतल्या एका वयस्क मार्गदर्शक बाईंकडे होता. वीस वर्षांची ओळख. बाईंची लेखी संमती घेऊन, काय सांगायचं आणि काय नाही हे दोघींनी आधी ठरवून मी त्यांना फोन केला. माझ्यापेक्षा त्याच जास्त हळहळल्या. "पाच तास बसते म्हणाली, तर मी शाबासकी दिली हो." दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. काउंटर काढून घेतला आणि सांगितलं, मोजून बसायचं नाही. अर्धा तास घड्याळ लावायचं. मन गेलं तर जाऊ दे, जिथे आहे तिथून पुढे. आणि फोन शेजारी ठेवायचा, आवाज चालू. वाजला तर उचलायचा.

उपचाराच्या दृष्टीने पाहिलं तर ते रिस्पॉन्स प्रिव्हेन्शनच होतं. मी सांगितलं असतं तर त्याला तंत्राचं नाव असतं आणि वजन काडीचं नसतं.

मनोविकारतज्ज्ञांनी एसएसआरआय गटातलं औषध सुरू केलं. ते नैराश्यावरही चालतं आणि ओसीडीच्या लक्षणांवरही. बाईंची हरकत अपेक्षित होती: गोळी घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडली. यावर मी वाद घातला नाही. चष्मा लावताना असं वाटलं होतं का, एवढं विचारलं. त्यांनी 'ह्या युक्तिवादात भोक आहे' असं सांगितलं आणि गोळी सुरू केली.

नवव्या भेटीच्या सुरुवातीला त्या म्हणाल्या, "आज दोन मिनिटं प्रार्थना करूया?" सहभागी व्हायचं तर खोटेपणा, नाही म्हणायचं तर अपमान. मी म्हटलं, "तुम्ही करा. मी शांत बसते." त्यांनी डोळे मिटले. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाहत राहिले. आजही मला याहून बरा मार्ग सुचलेला नाही.

दहाव्या भेटीपर्यंत झोप पाच तासांवर आली होती आणि बाई प्रसन्न दिसत होत्या. "सगळी त्याचीच इच्छा," त्या म्हणत. मी समाधानाने भेटींमधलं अंतर वाढवायचा विचार करत होते. मानसशास्त्रज्ञ जॉन वेलवूड यांनी १९८०च्या दशकात एक शब्द रूढ केला, त्याचं मराठी मी 'अध्यात्माची आडवाट' असं करते: दुखणं पार करण्याऐवजी वरच्या वाटेने त्याला वळसा घालणं. मला तो शब्द आठवला तो बाईंच्या चेहऱ्यावरून नाही, त्यांच्या हातावरून. काउंटर नव्हता, पण अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबला जात होता.

"आदल्या रात्री काय झालं होतं?" मी विचारलं. आदली रात्र आम्ही कधी उघडलीच नव्हती.

आदल्या रात्री ह्यांच्या छातीत चमक आली होती. बाई डॉक्टरकडे चला म्हणाल्या. हे म्हणाले, ॲसिडिटी आहे, उगाच घाबरू नकोस. आणि पहाटे फिरायला गेले. "सांगून सांगून थकले हो मी. तीस वर्षं माझं एक ऐकलं नाही." आणि मग त्या रडल्या. दुःखाने नाही, संतापाने. गेलेल्या माणसावर रागवायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. स्वतःवर रागावणं सोपं होतं, आणि त्यासाठी रोज पहाटे तीनला जागाही तयार होती.

पुढच्या पाच-सहा भेटी त्या रागावरच गेल्या. बाईंनी तो जपातही नेला. देवापुढे बसून नवऱ्याची तक्रार केली. ते चालतं का, असं त्यांनी मला नाही, मार्गदर्शक बाईंना विचारलं. चालतं म्हणाल्या.

काय झालं

आठ महिन्यांत एकोणीस भेटी झाल्या. शेवटी पीएचक्यू-९चे गुण ७. नवव्या प्रश्नावर शून्य. झोप साडेपाच तास, वजन बरंचसं परत. जप अर्धा तास.

पहिल्या वर्षदिनाच्या आठवड्यात पुन्हा चार दिवस पहाटे तीन वाजता जाग आली आणि मनातल्या मनात मोजणं सुरू झालं. या वेळी त्यांनी मुलाला उठवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, दीर्घकालीन शोकाच्या निदानासाठी सहा महिन्यांची किमान मर्यादा आहे, तर डीएसएमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेच्या, २०२२च्या सुधारित आवृत्तीत मोठ्यांसाठी एक वर्षाची. मी ते निदान केलं नाही. नैराश्य उतरल्यावर जे उरलं ते मला आजार वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. पहिला मिस्ड कॉल. फोन उचलला असता तर वाचले असते का? मुलाला बरोबर घेऊन त्यांनी हे डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं: सांगता येत नाही. मी मात्र एकदा घाईने "नसतेच वाचले" म्हणून गेले होते, आणि बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तीच त्या उत्तर ढापून लिहिणाऱ्या मुलाकडे टाकत असणार.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच भेटीत चार शब्दांनंतर एक प्रश्न हवा होता: बसल्यावर आत काय होतं? डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत, १९९४ सालीच, धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या ही विकार म्हणून नव्हे, तर लक्ष देण्याजोगी बाब म्हणून नोंदली गेली आहे. म्हणजे हा विषय समुपदेशनाच्या कक्षेबाहेरचा आहे, ही सबब तेव्हाच संपली होती. फॉर्मवरची 'अध्यात्म' ही ओळ मी आता काढून टाकली आहे. तिथे रिकामी जागा ठेवते आणि दुसऱ्या भेटीनंतर भरते.

'ते पाप आहे' या उत्तराने मी निर्धास्त झाले, ही दुसरी चूक. त्याच पापाच्या कल्पनेने बाईंना मरणापासून लांब ठेवलं होतं आणि तिनेच पहाटे तीनला उठवलं होतं. संरक्षक घटकाला दुसरी बाजू असते का, हे विचारायला दोन मिनिटं लागली असती. आणि नववा प्रश्न मी दर भेटीला विचारायला हवा होता. गुण १९ झाले त्या दिवशी मी तो विचारलाच नाही. काही झालं नाही, हे माझं नशीब.

ध्यानाच्या पानाबद्दल वर लिहिलंच आहे.

सर्वांत अस्वस्थ करतो तो मार्गदर्शक बाईंना केलेला फोन. तो यशस्वी झाला म्हणून शहाणपणाचा दिसतो. त्या 'पूर्वकर्माचे भोग, आणखी वाढव' म्हणाल्या असत्या तर? माझ्याकडे पुढची योजना नव्हती. आता असा संपर्क करण्याआधी मी क्लायंटसोबत बसून, नको ते उत्तर आलं तर आपण काय करायचं, हे लिहून काढते. एका प्रकरणात त्यामुळे फोन केलाच नाही.

हे लिखाण छापण्याआधी बाईंना वाचायला दिलं. त्यांनी लाल पेनाने एकच दुरुस्ती करून पाठवली. 'पाच तास' याखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं: ३:१० ते ७:५०. चार तास चाळीस मिनिटं.